सुटता सुटेना

जिल्हा परिषदेच्या लेखा विभागात हयात घालवून निवृत्त झालेल्या माणसाने यंत्राच्या नादी लागू नये, असे आमच्या घरातल्या सर्वांचे मत होते. त्याला न जुमानता माझ्या भाच्याने मला साठीनिमित्त सायकलला बसवायचे पेट्रोल इंजिन भेट दिले. खोक्यावर 80 सीसी असे छापलेले होते. हिशेबाची सवय असल्यामुळे मी मोजून पाहिले, तेव्हा सिलिंडरचा व्यास 47 मिलिमीटर आणि दट्ट्याची धाव 38 मिलिमीटर निघाली, म्हणजे जेमतेम 66 सीसी. तेवढेही कायद्याला पुष्कळ होते. 25 सीसीपर्यंतचे इंजिन बसवलेली दुचाकी मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येबाहेर राहते, त्यापुढची आत येते. म्हणून माझे हे वाहन कराडजवळच्या आमच्या शेतात, घरापासून विहिरीपर्यंतच्या दोनशे मीटर बांधावरच चालते.

ते चालवण्याची पद्धत अशी की डाव्या हाताने क्लच दाबून खटक्यात अडकवायचा, सायकलसारखे पायडल मारत वेग घ्यायचा आणि मग क्लच सोडून द्यायचा. मागचे चाक इंजिनाला फिरवते, इंजिन पेट घेते आणि मग ते चाकाला फिरवू लागते. थांबताना पुन्हा क्लच दाबला की इंजिन एकीकडे फटफटत राहते आणि सायकल दुसरीकडे निमूट उभी राहते. हे सगळे क्लच सुटला तर. यंदा दिवाळीच्या तोंडावर, चार महिने गोठ्याच्या पडवीत पावसाळा काढलेली सायकल मी बाहेर काढली आणि क्लच दाबला, तेव्हा तो सुटला नाही.

क्लच न सुटलेली सायकल ढकलणे काय असते, हे ज्याने ढकलली त्यालाच ठाऊक. इंजिनाच्या क्रँकवरच्या दातेरी चाकाला 20 दाते, क्लचच्या मोठ्या चाकाला 82. पुढे साखळीच्या छोट्या चक्राला 10 आणि मागच्या चाकावरच्या चक्राला 44. गुणाकार केला की मागचे चाक एकदा फिरताना इंजिन अठरा वेळा फिरते. चाकाचा घेर दोन मीटर धरला तर विहिरीपर्यंत मी इंजिन अठराशे वेळा फिरवणार होतो, तेही प्रत्येक फेऱ्याला दट्ट्यापुढची हवा दाबत. पहिल्या वीस मीटरांत माझा आणि इंजिनाचा, दोघांचाही आवाज सारखाच येऊ लागला. ब्रेक तर धरला नाही ना, हे पाहण्यासाठी मी स्पार्क प्लग काढला. सायकल लगेच हलकी झाली आणि प्लगच्या भोकातून फसफस सुरू झाली, म्हणजे ब्रेक निर्दोष होता आणि अपराधी क्लचच होता.

अशा वेळी क्लच दाबून सायकल पुढेमागे हिसडावी, चिकटलेल्या चकत्या सुटतात, असे ऐकून होतो. मी तीस वेळा हिसडली. शेजारचे आबा बांधावर येऊन बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अण्णा, पान्हा चोरतीया व्हय?"

मग मी सगळा दोष केबलवर ठेवला. लेखा विभागात कोणतीही तफावत निघाली की आधी टपालावर संशय घ्यायचा, तसेच हे. केबल ताणून घेतली. त्यामुळे क्लच दाबायला दोन हात लागू लागले, एवढाच फरक पडला. केबल ज्या दांड्याला ओढते तो दांडा नीट फिरतो की नाही हे पाहावे, म्हणून साखळीच्या बाजूचे झाकण उघडले, दांडा फिरतो अशी खात्री करून घेतली आणि झाकण बाजूला ठेवून दिले. ते ठेवताना मी आत नीट पाहिले असते, तर हा लेख बराच आधी आटोपला असता.

उजव्या बाजूचे झाकण काढल्यावर मात्र सगळा प्रकार उघडा पडला. मोठ्या दातेरी चाकाच्या खाचांत बुचाच्या लाकडासारखे दिसणारे घर्षणाचे तुकडे बसवलेले असतात. त्यांच्यावर एक चकती स्प्रिंगच्या जोराने दाबून धरलेली असते, आणि क्लच दाबला की पोकळ आसातून आलेली सळई तिला बाहेर ढकलते. हे तुकडे कोरडे असावे लागतात. माझे तुकडे ग्रीसने काळेभोर झाले होते, आणि पावसाळ्यात ते ग्रीस घट्ट होऊन, वर थोडा गंज मिसळून, चकतीला डिंकासारखे धरून बसले होते. दातेरी चाकांना नखभर ग्रीस पुरते. मी मे महिन्यात बोटभर भरले होते, कारण वंगणात काटकसर करू नये असे आमचे वडील सांगत. वडील बैलगाडीविषयी बोलत असत, ही गोष्ट माझ्या ध्यानात राहिली नव्हती.

चकती काढण्यासाठी आधी फुलाच्या पाकळ्यांसारख्या कडेचा नट सोडवावा लागतो, आणि तो फिरू नये म्हणून त्याच्या खाचेत एक स्क्रू बसवलेला असतो. हा स्क्रू तांदळाच्या दाण्याएवढा. तो निघाल्याबरोबर हरळीत गेला. रेडिओच्या जुन्या स्पीकरचे चुंबक दोरीला बांधून मी हरळी विंचरली. तीन खिळे, नालाचा एक तुकडा आणि अखेर स्क्रू मिळाला. तुकडे मी टाकीतल्या पेट्रोलने धुतले. दोनदा धुऊनही ते तुळतुळीतच राहिले, तेव्हा आठवले की हे इंजिन टू-स्ट्रोक आहे आणि त्याच्या पेट्रोलमध्ये मीच मोजून ऑइल मिसळलेले असते. तेल काढायला मी तेल वापरत होतो. आबांच्या मुलाच्या मोटारसायकलमधून वाटीभर कोरडे पेट्रोल आणले, तुकड्यांना पॉलिश पेपर मारला, चकती पुसली, नट एकेक खाच पुढेमागे करून बसवला आणि दोन्ही झाकणे लावली.

क्लच दाबला. तो लोण्यासारखा दबला. इतका मऊ, की त्याच्या पलीकडे कुणी नसल्यासारखा. सायकल ढकलली, तर पुन्हा तीच फसफस!

संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात मी पहिल्यापासून हिशेब मांडला. दांडा फिरतो, दांडा सळईला ढकलतो, सळई चकतीला. यातली एक नोंद राहिली होती: दांडा आणि सळई यांच्यामध्ये आसाच्या भोकात पोलादाचा एक छर्रा असतो, आणि तो नसला तर दांडा हवेतच फिरतो. मी पुन्हा चुंबक काढले. पडवी, अंगण आणि गव्हाण फिरलो. ही तांदूळ निवडत बसली होती, तिच्या सुपावरूनही चुंबक फिरवले, तेव्हा ती म्हणाली, "अहो, ते झाकण तरी बघितलंत का?"

साखळीच्या बाजूचे झाकण पुन्हा उघडून उलटे केले. कोपऱ्यात, दांड्याच्या मागे, मे महिन्यात मीच भरलेल्या ग्रीसच्या गोळ्यात छर्रा रुतून बसला होता. झाकण मी दिवसभर कसेही आपटले होते, पण एवढ्या ग्रीसमधून तो पडणे शक्यच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर पोहोचून मी क्लच दाबला, सायकल थांबली आणि इंजिन आपले स्वतःशी फटफटत राहिले. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. सगळी हकिगत ऐकून त्याने विचारले, "मामा, ग्रीस किती लावलं होतंत?" मी इंजिनचा कान जरा पिळला आणि इथे काही ऐकू येत नाही असे त्याला ओरडून सांगितले.