मॅराडोनाचं पान

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर ते पत्रक शुक्रवारी पडलं आणि शनिवारी संध्याकाळी कोल्हापुरातल्या मिरजकर तिकटीच्या कट्ट्यावर त्याच्यावरनं जुंपली. पत्रकात काय होतं ते सगळ्यांनी वाचलंय, न वाचलेल्यांनी अंगठा दिलाय. थोडक्यात, वर्गणी काढून आपल्या शाळेची लायब्ररी 'स्मार्ट' करायची. खाली निमंत्रक म्हणून बाळ्याचं नाव ठळक होतं, एवढ्यावरून पुढचं कळावं.

बाळ्या आला तोच मोबाईल पुढं धरून. पडद्यावर आपल्या शाळेच्या लायब्ररीचं थ्रीडी चित्र. भिंतीवर झाड, झाडाला पुस्तकं लटकलेली, खाली रंगीत बीनबॅग आणि त्यात रुतलेली गोरीगोमटी पोरं. आमच्या पेठेतलं एकही नव्हतं त्यात.

"दहा टॅब, मोठा स्क्रीन, एसी," बाळ्या म्हणाला. "पोरगं आत आलं की कोड स्कॅन करणार, पुस्तक पडद्यावर. वाचन सप्ताह तिथंच. माणशी ५ हजार. उद्घाटनाला साहेब येणार."

"कुठले साहेब?" प्रशानं विचारलं.

"ते ठरायचंय. कुठलेतरी येणारच की."

बाळ्याचा धंदा टाइल्सचा. पत्रकात 'फ्लोअरिंग' तीनदा आणि 'पुस्तक' दोनदा आलं होतं. मी मोजलं. झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्याला असली खोड लागते.

प्रशाचं म्हणणं नेहमीसारखं एका ओळीचं. "पोरं वाचत न्हाईत. माझं पोरगं सहा इंचाच्या पडद्यातनं मान वर काढत न्हाई, त्याला आणि मोठा पडदा कशाला? वीस फुटबॉल द्या शाळंला." प्रशाला वीजबिल वाढल्याचं सांगितलं तरी तो फुटबॉलवर येतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीच्या संघाची मॅच असली की ह्याच्या दुकानाचं शटर अर्ध्यावर, आणि हरली की दुसऱ्या दिवशी पूर्ण खाली.

एवढ्यात मंदीची मोपेड कट्ट्याला घासून थांबली. हँडलला मेथीची पिशवी. मंदी आमच्याच वर्गातली, आता एका हायस्कूलमध्ये ग्रंथपाल. अर्धवेळ. हेल्मेट काढायच्या आधीच तिनं सुरुवात केली.

"पत्रक वाचूनच आलो मी. बाळ्या, तुझ्या चित्रात कपाट कुठाय रे?"

"कपाट जुनं झालं गं. आता सगळं क्लाउडवर."

"क्लाउड म्हंजे ढग. आमच्यात ढग आला की आम्ही पुस्तकं उचलून वऱ्हांड्यात नेतो. पत्रा गळतोय."

चहा सांगितला. मंदीला बिनसाखरेचा, बाळ्याला 'कमी साखर', म्हणजे सगळ्यांएवढीच.

"आणि तू अर्धवेळ अजून?" मी विचारलं.

"हजाराच्या वर पट असला तर पूर्ण ग्रंथपाल, पाचशेच्या वर असला तर अर्धा. आमचा पट आठशे. म्हंजे मी अर्धी."

"वरची अर्धी का खालची?" प्रशा.

"जिला तोंड हाय ती. गप चहा पी."

मला वाटलं, आता आपणही काहीतरी भारदस्त टाकावं. म्हटलं, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा भारतात पहिल्यांदा कुठं झाला माहिती आहे का? आपल्या कोल्हापूर संस्थानात, १९४५ ला. मद्रासचा १९४८ चा, म्हणजे आपल्यानंतरचा. आणि करवीर नगर वाचन मंदिर तर १८५० पासून आहे.

"नाद खुळा!" बाळ्यानं मांडीवर थाप मारली. "हे पत्रकात टाकूया. 'पहिला कायदा कोल्हापूरचा, पहिली स्मार्ट लायब्ररी...'"

"टाक," मंदी म्हणाली. "आणि खाली बारीक अक्षरात टाक, की १९६७ चा महाराष्ट्राचा कायदा सार्वजनिक ग्रंथालयांचा, शाळेची लायब्ररी त्यात बसत न्हाई. पहिला कायदा आमचा, आणि कपाटाची किल्ली अजून हेडमास्तरांच्या ड्रॉवरात."

माझ्या भारदस्तपणाची हवा गेली. पण तिच्या तोंडून गेली, त्याचं वाईट वाटलं नाही.

किल्लीचं नंतर तिनं उलगडून सांगितलं. मोजणीला पुस्तक कमी भरलं की पहिलं बोट ग्रंथपालाकडं. दाखल रजिस्टरात आकडा आहे आणि फळीवर पुस्तक नाही, तर खुलासा द्या. पुस्तक फाटून गेलं तरी निर्लेखनाचा, म्हणजे ते रजिस्टरातनं कमी करायचा, कागद वर्षानुवर्षं फिरत राहतो. मग शहाणा ग्रंथपाल काय करतो? कुलूप लावतो. जाळीतनं पुस्तकांचे पुठ्ठे दिसतात, आत डांबरगोळ्यांचा वास, आणि पोरं बाहेरनं बघतात. "प्राणिसंग्रहालयात बघत्यात तशी," मंदी म्हणाली.

"मग उपक्रम घ्यायचे की!" बाळ्या. त्याला हा शब्द फार आवडतो. 'उपक्रम' म्हणताना तो पोट आत घेतो.

"घेतो की. १५ ऑक्टोबर, कलामांचा वाढदिवस, वाचन प्रेरणा दिन. सकाळी पुस्तकं काढायची, पोरांना मैदानात रांगेत बसवायचं, हातात एकेक पुस्तक, फोटो, फोटो वर पाठवायचा, पुस्तकं परत कपाटात. गेल्या साली एक सातवीतली पोरगी पुस्तक सोडंना. शिपाईमामा तिला म्हणतोय, बाळ, फोटो झाला की, आता दे."

कोणी हसलं नाही. प्रशानं ग्लास खाली ठेवला.

"दिवस नको मला," मंदी पुढं म्हणाली. "तास पायजे. वेळापत्रकात आठवड्याला एक लायब्ररीचा तास हाय. कागदावर. सहामाही जवळ आली की गणिताचे सर दारात उभे, 'मॅडम, पोर्शन राहिलाय.' अरे, ते रंगनाथन, ज्यांच्या नावानं १२ ऑगस्टला आमचा ग्रंथपाल दिन, ते मूळचे गणिताचे मास्तर. १९२४ ला मद्रास विद्यापीठात ग्रंथपाल झाले. त्यांचा पहिला नियमच हा, पुस्तकं वापरायसाठी असत्यात. तो गणिताचा मास्तर लायब्ररीत आला, आणि आमचा गणिताचा मास्तर लायब्ररीचा तास उचलून गेला!"

ह्यावर शेजारच्या पानपट्टीवाल्यानंसुद्धा मान डोलावली.

बाळ्या जरा पडला. मग त्यानं ठेवणीतलं काढलं. "कोल्हापूरकर संस्कृतीसाठी एक होतोय मंदे. केशवराव भोसले नाट्यगृह जळालं त्या रात्री बघितलीस ना, सगळं गाव रस्त्यावर."

"मी पण होतो तिथं. रडलो पण. आगीला माणसं धावत्यात बाळ्या. वाळवीला कोण धावतंय?"

खरं तर इथं विषय संपायचा. पण मी विचारलं, की मग तू करतेस काय? आणि तिनं तो दवाखाना सांगितला.

पत्रा गळून भिजलेली, शिवण उसवलेली पन्नासेक पुस्तकं होती तिच्याकडं. बायंडिंगला पैसे नाहीत. तिनं घरून मैद्याची खळ शिजवून नेली, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली, जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या, आणि मधल्या सुट्टीत पोरांना बसवलं. वाचणारी पोरं आलीच नाहीत. आली ती मागच्या बाकावरची, हाताला काम पाहिजे असलेली. खळीत ब्रश बुडवायचा, कण्यावर पट्टी ओढायची, आणि ओली पट्टी सरकू नये म्हणून पुस्तक धरून बसायचं.

"धरून बसल्यावर करणार काय?" मंदी म्हणाली. "समोर पान उघडं. नजर जातीच की."

त्यातला एक नववीतला. बाप गुऱ्हाळावर चुलवाणाला. पोराच्या हातात एक रहस्यकथा आली, तिची शेवटची पानंच गळालेली. दोन दिवसांनी हा आला. 'बाई, चोर कोण?' मंदीला माहीत नव्हतं, दुसरी प्रत नव्हती. आठवडाभरानं तोच मधल्या सुट्टीत परत आला, खळ मागितली, आणि रेघांच्या वहीची चार पानं पुस्तकाला मागं डकवली. शेवट त्यानं स्वतः लिहिला होता. चोर म्हणून त्यानं इन्स्पेक्टरलाच धरला.

"आता ते पुस्तक त्या चार पानांसाठी नेत्यात पोरं. मुदतीची चिठ्ठी शिक्क्यांनी भरली, दुसरी डकवली."

"पण हे कॉपीराइटमध्ये..." बाळ्या म्हणाला.

आणि प्रशा उसळला. "तू कॉपीराइट म्हणू नको! आठवीच्या हस्तलिखितात तुझ्या नावावर जी कविता होती, ती कॅलेंडरच्या मागची होती. जुलै महिना! खाली 'पावसाळ्यात पाणी उकळून प्या' हेसुद्धा उतरून काढलेलंस!"

बाळ्यानं 'ती प्रेरणा होती' वगैरे चालू केलं, पण कोणाला ऐकू गेलं नाही. त्या हस्तलिखितातून माझी गोष्ट वगळून ती कविता घेतली होती. मी विसरलेलो नाही, हे सहज नोंदवून ठेवतो.

हसू ओसरलं तसा प्रशा एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "मला लायब्ररीचं काय सांगू नका रं. मला लायब्ररीनंच हाकललंय."

ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण दर वेळी तो सांगतो आणि आम्ही ऐकतो. १९८६. जूनमध्ये वर्ल्ड कप संपला, आणि पुढं लायब्ररीत आलेल्या खेळाच्या मासिकात मॅराडोनाचं पानभर चित्र. आठवड्यात कोणीतरी ते ब्लेडनं कापलं. इतकं नेटकं, की शिवणीलगत केसाएवढी पट्टी राहिली. संशयाला जागाच नव्हती. शाळेत मॅराडोनाचं नाव वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिणारा एकच. सरांनी हातावर दोन छड्या दिल्या आणि वर्षभर लायब्ररी बंद.

"छड्यांचं काय न्हाई," प्रशा म्हणाला. "पण मी न्हवतो कापलो. वर्षभर खिडकीतनं बघायचो. मग सवय सुटली. लागली कुठं होती म्हणा."

बाळ्या म्हणाला, "सीसीटीव्ही! नव्या लायब्ररीत चार कॅमेरे टाकूया."

मंदी पिशवीतली मेथी नीट करत होती. मेथीला एवढं नीट करण्यासारखं काही नव्हतं. कडेची पानं आत, आतली बाहेर.

"प्रशा," ती म्हणाली, "मी कापलो ते."

तिकटीवर तेव्हा सिग्नल सुटला असणार, कारण हॉर्न वाजत होते. कट्ट्यावर आवाज नव्हता.

"भावाच्या दाढीचं ब्लेड होतं," मंदी म्हणाली. "सगळे तुम्हीच बघायचा मॅच, आम्हाला आत बसायचं. मला पण आवडायचा तो. तुला छड्या बसल्या तवा सांगणार होतो मी. मग छड्या बघून न्हाई सांगितलो."

बाळ्याचं तोंड उघडं राहिलं. मी प्रशाकडं बघत होतो. बावन्न वर्षांचा माणूस, हार्डवेअरचं दुकान, दोन नंबरचा जावई शोधतोय, आणि चेहऱ्यावर आठवी 'ब'.

"म्हणून तू..." मी म्हणालो.

"म्हणून काय न्हाई. पोराच्या दप्तरात ब्लेड असलं की मला वासानं कळतंय, एवढंच."

प्रशानं बराच वेळ घेतला. मग खाकरून विचारलं, "ते चित्र कुठाय?"

"कुठलं?"

"मॅराडोनाचं. हाय का अजून?"

"न्हाई रे. भूगोलाच्या वहीत ठेवलेलो. दहावी झाल्यावर आईनं सगळी रद्दी घातली."

"रद्दीत?" प्रशा उभाच राहिला. "मॅराडोना रद्दीत घातलासा? छड्या खाल्ल्या ते माफ हाय, वर्षभर खिडकीत उभा राहिलो ते पण माफ. पण रद्दीत? किलोवर?"

पानपट्टीवाला आत जाऊन हसला. बाळ्याला ठसका लागला, त्याच्या पाठीत मी गरजेपेक्षा जोरात गुद्दे मारले. मंदी हसता हसता डोळे पुसत होती आणि प्रशा तिला सांगत होता, की दंड म्हणून चहाचे पैसे ती देणार, आजचे आणि पुढच्या शनिवारचे, आणि खळ कालवायला माणूस लागत असला तर त्याचं दुकान सोमवारी बंद असतं.

रात्री अकराला ग्रुपवर बाळ्याचा मेसेज आला. 'मित्रांनो, उपक्रमात बदल. आता आपण पुस्तकांचा दवाखाना करत आहोत. संपूर्ण एसी. फ्लोअरिंग तेच राहील.'

चौदा अंगठे आले. पंधरावा मंदीचा होता, खाली वळवलेला.