कार्बन फायबरची हार्ड डिस्क घेतली तरी दुसरी प्रत लागतेच

“कंपन्या काच-ॲल्युमिनियमच्या डिस्क मुद्दाम फुटाव्यात म्हणून बनवतात. कार्बन फायबरची डिस्क पोलादाहून मजबूत, तिच्यातला डेटा कधीच जात नाही, बॅकअप ठेवू नका.” हा मेसेज ग्रुपोग्रुपी फिरतोय. माझा मामेभाऊ लग्नांचे फोटो काढतो. हे वाचून त्याने सगळं काम एका नव्या डिस्कवर टाकलं आणि जुन्या डिस्क पुसल्या. म्हणून लिहिणं भाग आहे.

सगळ्यात घातक आहे ते बॅकअपचं वाक्य. डेटा डिस्कच्या आत फिरणाऱ्या तबकडीच्या गाभ्यात नसतोच. तो असतो तिच्यावर चढवलेल्या कोबाल्टच्या मिश्रधातूच्या थरात, आणि त्या थराची जाडी नॅनोमीटरमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागात, मोजतात. मिनिटाला ७२०० फेऱ्यांच्या साडेतीन इंची डिस्कमधल्या तबकडीची कड ताशी १२० किलोमीटरहून जास्त वेगाने पळते आणि डेटा वाचणारं-लिहिणारं हेड तिच्यापासून जेमतेम काही नॅनोमीटरवर तरंगतं. ते टेकलं की थर खरवडला जातो, खाली तबकडी कशाचीही असो. मोटर आणि सर्किट जळतात ते वेगळंच.

गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. पहिल्या वर्षातल्या डिस्कपैकी १.७ टक्के बंद पडल्या, तीन वर्षांच्या डिस्कमध्ये हेच प्रमाण ८.६ टक्क्यांवर गेलं. त्याहून गंभीर म्हणजे, बंद पडलेल्यांपैकी ५६ टक्के डिस्कनी स्मार्ट यंत्रणेच्या (ही डिस्कमध्येच असते आणि बिघाडाची चिन्हं टिपते) चार प्रमुख इशाऱ्यांपैकी एकही दिला नव्हता. दुसरी प्रत नसेल तर काय करणार?

कार्बन फायबर हलकं आणि ताठ असतं, हे खरं. धागे घातलेल्या तबकडीची कल्पनाही जुनीच आहे. पण धागा साधारण ७ मायक्रॉन जाड, म्हणजे ७००० नॅनोमीटर. पॉलिश करताना धागा आणि त्याभोवतीचं, धागे बांधून ठेवणारं रेझिन सारखं झिजत नाही, तापल्यावर सारखं फुगतही नाही. नॅनोमीटरच्या खेळात एवढा उंचवटा म्हणजे हेडची टक्कर.

काच पडली तर फुटते, हेही मान्य. पण ती घेतात गुळगुळीत आणि ताठ म्हणून. ॲल्युमिनियम तर आयबीएमच्या १९५६ च्या पहिल्या डिस्कपासून आहे, त्यात कसला कट?

आणि मामेभावाच्या डिस्कवर कार्बन फायबर आहे ते फक्त बाहेरच्या कव्हरवर. आत नेहमीचीच डिस्क आहे.

तेव्हा दादा, आज रात्रीच सगळे फोटो जुन्या डिस्कवर परत कॉपी कर, आणि त्यातली एक स्टुडिओत न ठेवता घरी ठेव.