"कामाच्या मशीनला आवाज असणारच" म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया तापलेली आहे पण मुद्दे खरे आहेत, त्यामुळे दोन ओळीत "धन्यवाद, तुमच्या मताचा आदर आहे" लिहून पळून जाणं बरं दिसणार नाही. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. युटिलिटी एटीव्ही, म्हणजे टांग टाकून बसायच्या, ओढकामाच्या चारचाकी मशीन, यांची जी तुलना मी लिहिली होती तिच्यात आवाजाला ट्रेलर ओढायच्या ताकदीइतकंच वजन दिलं, ते तुम्हाला पटलं नाही. ही कामाची मशीन आहे, आवाज असणारच. कंपनीतून निघताना सगळ्याच 96 डेसिबलच्या आत असतात, मग त्यात डावं-उजवं काय करायचं. मोठा आवाज असला तर लोकं आपोआप बाजूला होतात, म्हणजे तो सेफ्टीचाच भाग. तुम्ही स्वतः बाहेरचा पाइप, म्हणजे कंपनीच्या सायलेन्सरऐवजी दुसरा, बसवलाय आणि मशीन "मोकळी झाली". आणि शेवटी, मी ऑफ-रोडवाल्यांच्या विरोधात आहे. हे शेवटचं सोडून देतो, चालवणाराच माणूस आहे मी.

96 पासून सुरू करू, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. हा आकडा ज्या टेस्टमधून येतो ती जे1287, एसएई या वाहन इंजिनिअरांच्या संस्थेची. मशीन उभी ठेवायची, लोड शून्य, इंजिन त्याच्या कमाल स्पीडच्या साधारण निम्म्या आरपीएमला धरायचं आणि सायलेन्सरच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, 45 अंशात माइक ठेवून मोजायचं. कॅलिफोर्नियात 1986 पासून बनलेल्या ऑफ-रोड वाहनांना याच पद्धतीने 96 डीबीएची (कानाच्या हिशोबाने मोजलेले डेसिबल) मर्यादा आहे, त्याआधीच्यांना 101. टेस्ट चांगलीच आहे, ट्रेलच्या, म्हणजे ऑफ-रोड वाहनांच्या कच्च्या वाटेच्या, तोंडाशी उभा असलेला कर्मचारी पाच मिनिटात करू शकतो आणि फाटका सायलेन्सर लगेच पकडला जातो, तिचं काम तेवढंच आहे. पण त्यात चढ नाही, ट्रेलर नाही, चिखल नाही, एअरबॉक्समधून येणारा इनटेकचा घरघराट जवळपास नाहीच, आणि टायरचा तर प्रश्नच नाही. म्हणजे "सगळ्या पास होतात" यावरून "सगळ्या सारख्याच वाजतात" हे निघत नाही हो. पस्तीस मार्कवाला पण पास आणि नव्वदवाला पण पास.

मग फरक कुठून येतो, तर काम करताना इंजिन किती आरपीएमला जातं यातून, आणि ते ठरतं ट्रान्समिशनवर. मी तुलनेत आवाज घेतला तो यासाठी, कानाला गोड लागतं का हे बघायला नाही. होंडाची रँचर बघा, 420 सीसीचं सिंगल सिलेंडर आणि बेल्ट नाहीच, सरळ गिअर. लोड लावून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चाललात की इंजिन खालीच रमतगमत ओढत राहतं आणि आवाज स्पीडच्या प्रमाणात वाढतो, त्याच्या पुढे पळत नाही. बेल्टवाल्या सीव्हीटीचं, म्हणजे गिअर न टाकता आपोआप जुळवून घेणाऱ्या ट्रान्समिशनचं, तसं नाही, तिथे रेस दिली की आधी इंजिन वर जातं आणि मग मशीन त्याच्या मागून येते, चढावर जड ट्रेलर असेल तर इंजिन वरच टांगलेलं राहतं आणि दूरच्या माणसाला ते सलग किंचाळणं ऐकू येतं. त्यातही सगळ्या बेल्ट सारख्या नाहीत. यामाहाच्या ग्रिझलीमध्ये, म्हणजे 686 सीसीवाल्या, बेल्ट कायम ताणलेला असतो आणि पकडायला वेगळा सेंट्रिफ्युगल क्लच आहे, त्यामुळे मुंगीच्या चालीने निघताना जास्त रेस लागत नाही आणि उतारावर इंजिन ब्रेकिंगपण नीट मिळतं. पोलारिसच्या स्पोर्ट्समन 570 मध्ये पुलीच बेल्टला पकडते-सोडते, ती पद्धत साधी आहे, रिपेअरला सोपी आहे, पण हळू काम करताना थोडी रेस देत राहावी लागते. जड लोडला लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त ताकदीचा गिअर, टाकणं तर भागच आहे, नाहीतर बेल्ट तापतो आणि जळतो, पण लो रेंजमध्ये त्याच स्पीडला आरपीएम अजून वर. म्हणून गिअरवाल्याला माझे मार्क जास्त. दिवसभर पुढे-मागे, पुढे-मागे करायचं काम असेल तर मी स्वतः बेल्टवालीच घेईन, हात आणि डोकं दोन्ही कमी दुखतं, ते तुलनेतही लिहिलंय.

अजून एक गोष्ट लोकांना उलटी वाटते, मोठं इंजिन म्हणजे जास्त आवाज. नेहमी नाही. कॅन-अ‍ॅमच्या आउटलँडर 850 ला 854 सीसीची व्ही-ट्विन, म्हणजे दोन सिलेंडरची, आहे, जो ट्रेलर लहान सिंगलला घाम काढतो तोच ती थ्रॉटल जेमतेम उघडून ओढते. लहान इंजिन पिळून काढलं की ते मोठ्यापेक्षा जास्त बोंबलतं. पैसे वाचवायला लहान मशीन घेऊन तिच्या मागे डोंगर बांधणारे लोक आवाजाची तक्रार करतात तेव्हा मला काय बोलावं कळत नाही.

आता अंतराचं. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. अर्ध्या मीटरवर 96, तर 8 मीटरवर 72, 64 मीटरवर 54, 128 वर 48. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात झाडोरा, हवा आणि मऊ जमीन बारीक-तीक्ष्ण आवाज आधी खातात, जाड आवाज पुढे जात राहतो. फोर स्ट्रोक सिंगल दोन फेऱ्यांत एकदा फायर होते, म्हणजे 3000 आरपीएमला सेकंदाला 25 ठोके, आणि त्या ठोक्यांच्या पटीतले जाड सूर दूरवर पोचतात. गंमत अशी की डीबीए मोजणारा मीटर या जाड आवाजाला मुद्दाम कमी मोजतो, 50 हर्ट्झला जवळपास 30 डेसिबल वजा आणि 100 हर्ट्झला साधारण 19. म्हणजे मीटर म्हणतो ठीक आहे आणि घरात बसलेला माणूस म्हणतो भिंतीतून धब-धब येतंय, दोघंही खोटं बोलत नाहीत, भिंत सुद्धा जाड आवाजच जास्त आत सोडते. त्यात संध्याकाळी जमीन गार पडली आणि वरची हवा उबदार राहिली की आवाज वर निघून जायच्या ऐवजी वाकून परत खाली येतो, दरीत तर विचारू नका. दुपारी ज्याला काहीच ऐकू आलं नाही तोच माणूस संध्याकाळी चिडून फोन करतो आणि आपण म्हणतो याला आजच काय झालं.

आता तुमच्या पाइपकडे येतो, राग मानू नका. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. आणि एकसारख्या दहा मशीन एकत्र चालवल्या तरी वाढतात ते दहाच डेसिबल. म्हणजे बाहेरच्या पाइपने दहा डेसिबल वाढवलेली एक मशीन ही स्टॉक, म्हणजे कंपनीच्या मूळ सायलेन्सरच्या दहा मशीनच्या टोळीएवढी वाजते, एकटी! शिवाय आधी जो आवाज 100 मीटरवर विरायचा तो आता 300 च्या पुढे जातो, आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ धरलं तर दहापट जागेतल्या लोकांना तुमची खबर लागते. नियमाने चालणाऱ्या नऊ जणांनी कितीही सांभाळलं तरी मोजणी दहाव्यावरून होते. अमेरिकेत 1972 साली निक्सनच्या सहीने 11644 नंबरचा जो आदेश निघाला, त्यात सरकारी जमिनीवर ऑफ-रोड वाहनांचे ट्रेल ठरवताना आवाज लक्षात घ्या असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे आवाज हे ट्रेल नाकारायचं कायदेशीर कारण होऊन बसलंय पन्नासेक वर्षं झाली, आणि ट्रेल बंद होतो तेव्हा सुक्याबरोबर ओलंही जळतं. मी विरोधात आहे म्हणता, अहो मला ट्रेल उघडे हवेत म्हणून तर हा सगळा त्रास.

"मोकळी झाली" बद्दल. आवाज वाढला की पिकअप वाढल्यासारखं वाटतंच, सगळ्यांना वाटतं. पण अशा पाइपचा फायदा झाला तर वरच्या आरपीएमला होतो, जिथे युटिलिटी मशीन दिवसातून किती वेळ असते? खालचा टॉर्क, ज्यावर तुमचं काम चालतं, तो कधीकधी उलट कमी होतो. इंजेक्शनचं मॅपिंग, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं ही सेटिंग, न बदलता पाइप बदलला तर पेट्रोल-हवेचं मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं, थ्रॉटल सोडली की फट-फट सुरू. आणि सीव्हीटीची वजनं आणि स्प्रिंग कंपनीने स्टॉक इंजिनच्या हिशोबाने लावलेली असतात, त्यांना तुमच्या पाइपची काही खबर नाही. सगळ्यात वाईट म्हणजे बऱ्याच स्वस्त पाइपांमध्ये ठिणग्या अडवणारी जाळीच नसते. वाळलेल्या गवतात अशी मशीन घेऊन जाणाऱ्याच्या मागे मी तरी जाणार नाही.

लोकं बाजूला होतात हा मुद्दा मला थोडा कळतो, पण पूर्ण पटत नाही. सायलेन्सरचं तोंड मागे असतं, धोका असतो पुढे, आंधळ्या वळणावर समोरून येणाऱ्याकडून. मागे राहिलेल्यांना तुमचा आवाज भरपूर मिळतो, समोरच्याला उशिरा मिळतो. आणि समोरून अजून एक तुमच्यासारखाच आला तर? दोघांनाही फक्त आपलाच आवाज, आपला तो बाब्या. वाळूच्या टेकड्यांवर उंच काठीला झेंडा लावायची सक्ती करतात ती याचसाठी, दिसणं भरवशाचं, ऐकू येणं नाही. विंच, म्हणजे दोर गुंडाळून ओढायचं यंत्र, लावताना साथीदार "थांब" ओरडला आणि ते ऐकू आलं नाही तर बोटं जातात, तेव्हा कोण बाजूला होणार. स्वतःच्या कानांचं पण बघा, अमेरिकेतली नायोश संस्था आठ तासांसाठी 85 डीबीए ही मर्यादा सांगते आणि दर 3 डेसिबलला वेळ अर्धा करते, म्हणजे 94 ला एक तास. कामाच्या मशीनवर माणूस एक तास बसत नाही, अख्खा दिवस बसतो.

इलेक्ट्रिक का घेतली नाही असंही खाली एका ओळीत विचारलंय. पोलारिसची रेंजर एक्सपी कायनेटिक भारी आहे, पण ती साइड-बाय-साइड, म्हणजे शेजारी-शेजारी बसायची, स्टिअरिंगची, माझी तुलना टांग टाकून बसायच्या मशीनची होती. इलेक्ट्रिकमध्ये इनटेक-एग्झॉस्ट दोन्ही जातात, उरतो गिअरचा बारीक सूर आणि टायर. पण जड ओढकामात बॅटरी भराभर उतरते, त्यामुळे कामाची जागा चार्जिंगपासून लांब असलेल्यांना अजून पेट्रोलशिवाय गत्यंतर नाही.

आता तुमच्यासाठी काम. तुम्ही लिहिलंय की पाइप बदलायच्या आधी मशीन "गुदमरल्यासारखी" होती. माझा संशय असा की जाळीत कार्बन साचला असणार, किंवा एअर फिल्टर भरलेला, दोन्हीत अगदी हेच लक्षण दिसतं आणि पाइप बदलला की जुनी जाळीपण आपोआप जाते म्हणून फरक जाणवतो. स्टॉक सायलेन्सर फेकला नसेल तर तो काढा, जाळी खोला, तारेच्या ब्रशने घासा, हेडरच्या (इंजिनमधून निघणाऱ्या पाइपच्या) जॉइंटचं गॅस्केट नवं टाका, तिथली बारीक गळती सुद्धा भयानक फटफटते. मग बसवून, फिल्टर साफ करून, नेहमीचा ट्रेलर लावून त्याच चढावर न्या. एक काम अजून, मशीन दुसऱ्याच्या हातात द्या आणि तुम्ही शंभर-दोनशे मीटर लांब जाऊन उभे राहा, एकदा या पाइपने आणि एकदा त्या. काय ऐकू आलं आणि चढावर किती फरक पडला ते खाली लिहा. पाइपनेच खरोखर जास्त ओढलं असेल तर तसंही लिहा, मी तुलनेत तुमचा अनुभव जोडतो.