खुलासा : बीएसडब्ल्यूत स्पेशलायझेशन नाही, म्हणून ती पदवी अर्धवट?

बीएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्याची पदवी. तिच्या प्रवेशाचे दिवस आले की नागपुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: ‘बीएसडब्ल्यूत स्पेशलायझेशन नसते, ती नुसती स्वयंसेवकगिरी. फिल्डवर्क ऐच्छिक असते.’ ‘नुसती स्वयंसेवकगिरी’ आणि ‘ऐच्छिक फिल्डवर्क’ या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

स्पेशलायझेशन साधारणपणे एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीला येते, हे खरे. पण पदवीला ते मुद्दामच ठेवलेले नसते. एकच उदाहरण घ्या. वस्तीतली एक मुलगी वारंवार शाळा बुडवते. फिल्डवर्कला आलेला विद्यार्थी तिच्या घरी गेल्यावर कळते, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे तिचे हातपाय दुखतात. विदर्भात ही नवलाची गोष्ट नाही. आता विद्यार्थ्याने आईवडिलांशी बोलायचे, मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत उपचार सुरू आहेत का ते पाहायचे, शाळेला कळवायचे. शिवाय २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, म्हणजे प्रमाणपत्राचीही खटपट करायची. मग अशाच पालकांचा गट बांधायचा, वस्तीत रक्ततपासणीसाठी बैठक लावायची. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन हे तिन्ही पेपर एकाच दारात भेटले! समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि कायदे शिकवतात ते यासाठीच.

फिल्डवर्क तर अनिवार्यच असते. त्याचा अहवाल लिहावा लागतो, पर्यवेक्षक तो तपासतात आणि त्याला गुण असतात. ‘आज सर्व्हे केला’ एवढ्या एका ओळीवर भागत नाही. कोण काय म्हणाले, आपण काय उत्तर दिले, सगळे मांडावे लागते. कंटाळवाणे आहे खरे.

एमएसडब्ल्यूला इतर शाखांचे पदवीधरही येतात, त्यामुळे बीएसडब्ल्यू सक्तीची नाही. मेसेजमध्ये एवढेच लिहिले असते तर तक्रार नव्हती.