बाप समोर आहे तोवर

झेब्रा फिंच या पिंजऱ्यात पाळल्या जाणाऱ्या चिमुकल्या पक्ष्याची पिल्लं साधारण 18 ते 21 दिवसांची झाली की घरट्याबाहेर पडतात. अंगभर पिसं, बऱ्यापैकी उडता येतं, आवाज तर घर डोक्यावर घेणारा. फक्त स्वतःच्या चोचीने जेवणं तेवढं जमत नाही. पुढे जमायला लागलं, तरी बाप समोर आहे तोवर जमत नाही.

मागायची तऱ्हाही न्यारी. इतर पक्ष्यांची पोरं मान उंच करून पंख फडफडवतात. आमची मंडळी छाती खाली टेकतात, मान पिळून डोकं उलटं करतात आणि चोच आढ्याकडे उघडतात. आत टाळूवर काळे ठिपके. हे योगासन थोरली थेट राळ्याच्या वाटीत बसून करते. पाय दाण्यांत, पोट दाण्यांवर, शेपटीला चार दाणे चिकटलेले आणि तोंडाने "भूक, भूक!" काखेत कळसा म्हणतात तो हाच.

बाप विरघळतो. एकेक दाणा चोचीत फिरवतो, टरफल सोडतो, गर गिळतो आणि गळ्यात साठवलेलं सगळं पोरांच्या घशात ओततो. अशी आयती सोय असताना कोण कशाला दाणे सोलत बसेल? मी बोटाने वाटीत टकटक केलं, राळ्याचं कणीस पोरांच्या नाकासमोर टांगलं. धाकट्याने त्याचा झोका केला.

आईचा हिशेब वेगळा. तिला पुढच्या अंड्यांचे वेध लागलेले. मागायला आलेल्या थोरलीच्या पाठीची दोन पिसं उपटून तिने घरट्यात अंथरायला नेली. शिस्त लावायची ही पद्धत मला अघोरी वाटली. थोरलीवर तिचा काही परिणाम झाला नाही. मी मात्र घरटंच काढून घेतलं.

पस्तिसावा दिवस उलटला की पिल्लं वेगळी करता येतात, असं म्हणतात. मी कॅलेंडरपेक्षा टरफलांवर विश्वास ठेवते. पिल्लाने दाणा उचलून पाडला तर तो खेळ. चोचीखाली टरफल पडलं तरच जेवण. तेवढ्यासाठी मी पिंजऱ्यासमोर मांडी ठोकून हेरगिरी करत होते. धाकटा बापाची पाठ वळली की गुपचूप कटाकट सोलायचा आणि बाप वळला की लगेच मान पिळून कुपोषित. चोचीचा काळा रंग जाऊन केशरी चढत होता, तरी सोंग चालूच.

शेवटी मध्ये जाळी घातली. पोरांनी तासभर आकांत केला, मग दोघं एकमेकांपुढे उलटी मान करून बसली. दोघांनीही तोंड उघडलेलं, भरवणार कोण? कंटाळून थोरली वाटीकडे वळली. बाप मात्र जाळीतून चोच खुपसून बसलेला.

त्याची समजूत कशी घालायची, ते अजून ठरायचंय.