बार्शीच्या दादांच्या कमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

नमस्कार दादा,

उशीर झाला, ऑफिसात रिलीजची गडबड होती. मागच्या पोस्टमधे मी लिहिलेलं की पोहणं सुटल्यावर आपण नक्की कोण हे कळायला मला काही वर्षं लागली, म्हणून खेळाडूंनी खेळाबाहेरही काहीतरी धरून ठेवावं. त्यावर तुम्ही म्हणताय की हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत, तुम्ही दुकान भावाकडे टाकून पोराच्या प्रॅक्टिससाठी त्याला घेऊन पुण्यात बालेवाडीला (क्रीडासंकुल आहे तिथे) एका खोलीत राहताय ते काय बॅलन्स शोधायला नाही, आणि मुरलीकांत पेटकरांनी बॅलन्स शोधला असता तर सुवर्ण आलं असतं का.

पहिलं मान्य. मी पुण्यात डेक्कनला वाढले, टिळक टँक हा पोहायचा तलाव घरापासून दहा मिनिटांवर, पोहणं गेलं तरी इंजिनिअरिंग होतंच, माझं काही अडणार नव्हतं. 'पालकांनी हट्ट सोडावा' हे वाक्य मी फारच सहज ठोकून दिलं, ते काढून टाकलंय.

पण पेटकर तुमच्या बाजूचे नाहीत हो, माझ्या बाजूचे आहेत! ते सैन्यात बॉक्सर होते. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, बॉक्सिंग संपलं, उपचार म्हणून पाण्यात उतरले आणि 1972 ला हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमधे 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन आले. मधे 1968 ला तेल अवीवला टेबल टेनिससुद्धा खेळून झालेलं. 'मी बॉक्सर, दुसरं काही नाही' म्हणून बसले असते तर आज आपण त्यांचं नाव घेत असतो का? मेहनत त्यांनी कुठेच कमी केली नाही, फक्त एकाच गोष्टीला अडकून राहिले नाहीत.

माझं तसं झालं नाही. खांद्यामुळे 21 व्या वर्षी बटरफ्लाय, म्हणजे माझा पोहण्याचा प्रकार, सुटला. गजर बंद केला तरी साडेचारला डोळे टक्क उघडे, मग पंख्याकडे बघत पडून राहायचं. लग्नात आत्या ओळख करून द्यायची 'ही आमची स्विमर', मी म्हणायचे आता नाही पोहत, की समोरचा गप्प आणि मीही गप्प, कारण पुढचं वाक्यच नव्हतं माझ्याकडे. नोकरीच्या फॉर्मवर छंदाच्या रकान्यात स्विमिंग लिहिलं, खोडलं, तसंच देऊन आले. आणि गंमत म्हणजे जन्म पुण्यातला पण विसर्जन मिरवणूक रात्रभर कधी बघितलीच नव्हती, सकाळी प्रॅक्टिस ना! त्या वर्षी मैत्रीण ओढून घेऊन गेली. अलका चौकात एक चप्पल तुटलेली, हातात गार वडापाव, कानात नुसते ढोल, आणि कधीतरी घड्याळ बघितलं तर पाच वाजून गेलेले. साडेचार होऊन गेले आणि मला कळलंच नाही. रडले मी तिथे, चक्क.

तुम्ही म्हणाल ही हरलेल्यांची रडगाणी. बरं, अमेरिकेचा स्विमर मायकेल फेल्प्स घ्या. 28 ऑलिंपिक मेडलं, त्यातली 23 सुवर्ण. 2012 च्या लंडननंतर जगावंसंच वाटत नव्हतं असं त्याने स्वतः सांगितलंय, आणि हेही की आपण स्वतःकडे फक्त स्विमर म्हणून बघायचो, माणूस म्हणून नाही. 2014 ला उपचार घेतले, आणि त्यानंतर रिओला परत पाच सुवर्ण! म्हणजे डोकं ताळ्यावर आलं म्हणून वेग कमी झाला असं तरी दिसत नाही.

तुम्ही लिहिलंय की पोरगा रविवारी वॉचमनच्या सायकलचं पंक्चर काढत बसायचा, ते टाइमपास म्हणून बंद केलं. दादा, ते तेवढं चालू करा ना, प्लीज. त्याची प्रॅक्टिस कमी करा असं मी म्हणतच नाहीये, दोन तास फक्त. तिथे त्याचं टायमिंग कोणी लावत नाही.

आणि उजवा खांदा वर नेताना कटकट आवाज येतो असं तुम्ही जाता जाता लिहिलंय, ते आधी स्पोर्ट्स फिजिओला दाखवा, याच आठवड्यात. मी आठ महिने कोचपासून लपवलं होतं, नॅशनल्सची टीम हुकेल म्हणून. टीम हुकलीच, वर खांदाही गेला.