‘बायोप्सी कालबाह्य’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

परळच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला: ‘आता गाठीतल्या प्रत्येक पेशीचा नकाशा निघतो, एआय तो वाचून दोन मिनिटांत अचूक औषध सांगतं. बायोप्सी आणि पॅथॉलॉजिस्ट इतिहासजमा!’ खाली दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलंय, ‘मग मी मंगळवारची बायोप्सी थांबवू का?’ हा नकाशा म्हणजे ऊतीत कुठे कोणती जनुकं किती चालू आहेत याची नोंद; इंग्रजीत ‘स्पेशियल ट्रान्स्क्रिप्टॉमिक्स’. ह्याच नकाशांच्या विश्लेषणावर माझं पोट चालतं, त्यामुळे गप्प बसवेना.

बायोप्सी नको, तर नकाशा काढणार कशाचा? त्याला ऊतीचा पातळ काप लागतो, आणि तो मिळतो बायोप्सीतून किंवा शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीतून. टाटाला दाखवायला येणारे लोक पिशवीत ऊतीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणतात ना, तसल्याच ब्लॉकचा.

आता ‘प्रत्येक पेशी’. 2016 साली स्वीडनमधल्या गटाने मांडलेल्या पद्धतीत काप ठिपक्यांच्या जाळीवर ठेवून प्रत्येक ठिपक्याची एकत्र मोजणी व्हायची, आणि एकेक ठिपका 100 मायक्रोमीटरचा होता. पुढे रुळलेल्या व्हिझियम नावाच्या पद्धतीत तो 55 वर आला. पेशी असते साधारण 10-20 मायक्रोमीटरची. म्हणजे ठिपक्यात अनेक पेशींची खिचडी, आणि त्यात डाळ किती, तांदूळ किती, हे गणिताने अंदाजायचं. झेनियमसारख्या पद्धती एकेका पेशीपर्यंत पोहोचतात, पण आधी निवडलेली जनुकंच पाहतात. शिवाय पेशीची हद्द सॉफ्टवेअर आखतं. दाटीवाटीच्या ऊतीत शेजारच्या पेशीचे जनुकांचे रेणू हिच्या खात्यावर जमा होतात, हे मी रोज निस्तरतो.

म्हणून हे सगळं फुकाचं आहे असं नाही. जागेला महत्त्व आहेच. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये टी-पेशी (शरीराच्या रोगप्रतिकारक पेशी) किती आहेत आणि गाठीत नेमक्या कुठे आहेत, यावरून रुग्णाच्या पुढच्या वाटचालीचा अंदाज येतो, हे जेरोम गॅलाँ यांच्या गटाने 2006 मध्येच दाखवलं होतं. दहा पोलीस सोसायटीच्या गेटबाहेर जीपमध्ये बसलेत आणि चोर तिसऱ्या मजल्यावर! नुसती डोकी मोजून हे कळत नाही. कोणाला इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारे उपचार, लागू पडेल, हे शोधताना नकाशा लागतो तो यासाठी.

राहिलं एआय. 2020 साली एसटी-नेट नावाच्या मॉडेलने नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवरून 102 जनुकांच्या पातळीचा अंदाज बांधला. शिकवायला नमुने होते स्तनाच्या कॅन्सरच्या 23 रुग्णांचे. काम सुरेख आहे, पण जनुकाचा अंदाज म्हणजे औषधाची चिठ्ठी नव्हे. स्तनाच्या गाठीत हर-टू आहे का, हॉर्मोन रिसेप्टर आहेत का (ज्या प्रथिनांवरून औषध ठरतं ती), हे आजही त्याच ब्लॉकचे काप रंगवून पॅथॉलॉजिस्ट ठरवतात.

मागे एकदा माझ्या कॉम्प्युटरने नकाशात पेशींचा एक सुंदर, वेगळाच गट काढून दिला. मी दोन दिवस हवेत होतो. पॅथॉलॉजीच्या मॅडमनी स्लाइड भिंगाखाली धरली आणि म्हणाल्या, ‘अरे, कापाला घडी पडलीय.’

दोन मिनिटांचं तर सोडाच. कापापासून आकड्यांपर्यंत यायलाच आमचे काही दिवस जातात.

काकू, मंगळवारची तारीख बदलू नका.